आधी वस्तू ओळखा, मग ठसा मारा

संक्रांतीच्या वाणासाठी मी पहिल्यांदा ठसे मारले ते पत्र्याच्या छोट्या डब्यांवर. पंचवीस डब्या, आत तिळाच्या वड्या आणि झाकणावर जांभळ्या शाईतली कोयरी. रात्री सगळ्या ओळीने मांडून ठेवल्या तेव्हा फार सुरेख दिसत होत्या. दुसऱ्या दिवशी हळदीकुंकवाला आलेल्या बायकांच्या बोटांना ती कोयरी लागली. एका वहिनींच्या रेशमी साडीच्या निऱ्यांवरही उतरली, आणि तो डाग शेवटपर्यंत गेला नाही. ठसा नीट कोरलेला होता, डब्याही चांगल्या होत्या. चूक एवढीच की कागदावर शिक्का मारायची शाई मी पत्र्यावर वापरली होती.

कागद शाई पितो, पत्रा पीत नाही. ही गोष्ट मनात पक्की असली की या कामातल्या बहुतेक अडचणी सुरू होण्याआधीच टळतात. त्यामुळे मी आधी शाई-रंगांबद्दल सांगते, मग ठशाबद्दल, आणि मग एक डबी पहिल्यापासून शेवटपर्यंत कशी करायची ते. बाकीच्या वस्तूंमध्ये त्याच कृतीत थोडे फेरफार होतात.

शाई आणि रंग

ऑफिसच्या स्टॅम्प पॅडची शाई म्हणजे द्रवात विरघळवलेला रंग. पॅड महिनोन्‌महिने ओलं राहावं म्हणून त्या शाईत ग्लिसरीनसारखा सहसा न सुकणारा द्रव असतो. कागदावर ती वाळल्यासारखी वाटते, पण खरं तर कागदाच्या तंतूंनी ती शोषून घेतलेली असते. पत्रा, काच, प्लास्टिक, वॉर्निश केलेलं लाकूड यांच्यावर शोषणारं कोणीच नसतं, म्हणून ती तशीच ओली राहते. ही शाई कागदी लेबलं, भेटकार्डं, काडेपेटीवर चिकटवायचे कागद यांच्यासाठीच ठेवा.

पिगमेंट शाईत रंगाचे बारीक कण असतात. ती घट्ट असते, सावकाश सुकते, पण उन्हात लवकर फिकी पडत नाही. जाड कागद, पुठ्ठा आणि कच्च्या लाकडावर ती छान बसते. काच आणि धातूसाठी सॉल्व्हंटवर, म्हणजे पाण्याऐवजी लवकर उडून जाणाऱ्या द्रवावर, बनवलेली पर्मनंट शाई वेगळी मिळते. तो द्रव उडून गेला की रंग मागे राहतो. वास उग्र असतो, तेव्हा खिडकी उघडी ठेवून, लहान मुलांना दूर ठेवून काम करा.

आणि मग ॲक्रिलिक रंग. घरातल्या वस्तूंसाठी माझी पसंती यालाच आहे. त्यातलं पाणी उडून गेलं की मागे प्लास्टिकसारखा पातळ पापुद्रा तयार होतो, म्हणून पृष्ठभागाने काही शोषून घेण्याची गरज उरत नाही. शिवाय गडद रंगावर पांढरा ठसा उमटवायचा असेल तर साधं स्टॅम्प पॅड काही कामाचं नाही, ॲक्रिलिकच हवा. कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात तो मिळतो. शाई आणि मुंबईचं नातं तसं जुनं आहे. १९३१ साली दिगंबर परशुराम दांडेकरांनी इथेच शाईच्या पुड्या आणि गोळ्यांपासून सुरुवात केली, त्याचीच पुढे कॅम्लिन झाली. शाळेत आपण सगळ्यांनी तेच रंग वापरले, आणि ठशांसाठी आजही ते पुरेसे आहेत. महागड्या परदेशी शाया आणायची घाई करू नका.

एकाच ठिकाणी सगळं घ्यायचं असेल तर क्रॉफर्ड मार्केटजवळच्या अब्दुल रहमान स्ट्रीटवर जा. पॅड, रंग, स्पंज, पुठ्ठे, रिकाम्या डब्या तिथे हारीने मिळतात. जाताना यादी आणि वस्तूचं माप लिहून न्या, नाहीतर पिशवी भरते आणि नेमकी हवी ती गोष्ट राहून जाते.

ठसा

शाळेत आपण भेंडी आडवी कापून रंगात बुडवायचो आणि कागदावर फुलं उमटायची. तत्त्व तेच आहे, फक्त भेंडी दोन तासांत सुकते आणि रबर वर्षानुवर्षं टिकतं.

कापडावर छापायचे सागवानी ठोकळे बाजारात सुंदर मिळतात आणि ते घ्यायचा मोह होतो. पण लाकडी ठसा कठीण असतो. छापखान्यात कापडाखाली जाड गादी असते, म्हणून तिथे तो नीट उमटतो. पत्र्यावर किंवा मातीवर तोच ठोकळा दाबला तर कठीणावर कठीण पडतं आणि निम्मी नक्षी गायब होते. कठीण वस्तूला मऊ ठसा हवा, म्हणजे रबर, पारदर्शक पॉलिमर किंवा खोडरबर.

तुमचं स्वतःचं चित्र असेल तर रबरस्टॅम्प बनवणाऱ्याकडून ठसा करून घेता येतो. फोर्टातल्या गल्ल्यांत, कोर्टांच्या आसपास, कित्येक स्टेशनांबाहेर हे लोक असतात. चित्र पांढऱ्या कागदावर काळ्या पेनने काढून न्या. छाया, राखाडी भाग अजिबात नकोत. माझी पहिली कोयरी बघून तिथले काका म्हणाले होते, "ताई, रेष जाड करा, आणि दोन रेषांत जागा सोडा. नाहीतर शाई भरून सगळं एक होईल." अगदी खरं होतं ते. शाईपेक्षा रंग घट्ट असतो, तेव्हा रंगाने मारायचा ठसा आणखी मोकळा हवा. रेष निदान १ मिलिमीटर जाड ठेवा. आणि मागताना साधा हँडलचा रबरी ठसा मागा. ज्यात शाई आतच भरलेली असते तो शिक्का घेऊ नका, त्याला वेगळा रंग लावता येत नाही.

पण खरा आनंद स्वतः कोरण्यात आहे. मोठं, मऊ, पांढरं खोडरबर घ्या. कडक आणि भुसभुशीत खोडरबराचे कोपरे तुटतात. चित्र बटर पेपरवर मऊ शिसाच्या पेन्सिलीने काढा, ६बी असेल तर उत्तम. कागद उलटा करून रबरावर ठेवा आणि नखाने किंवा चमच्याच्या पाठीने घासा. चित्र रबरावर उलटं उमटेल, म्हणजे ठसा मारल्यावर ते सुलटं येईल. 'श्री' किंवा नाव कोरायचं असेल तेव्हा ही पायरी गाळू नका. देवनागरीत शिरोरेषा वर दिसते म्हणून अक्षर बरोबर आहे असं डोळ्यांना वाटतं, आणि काना भलत्याच बाजूला आलेला छापल्यावर कळतो.

कोरताना पाती रेषेपासून बाहेरच्या बाजूला तिरकी धरा. उभा उरलेला भाग डोंगरासारखा खाली रुंद व्हायला हवा. पाती आतल्या बाजूला गेली तर रेषेच्या मुळाशी पोकळी होते आणि चार-पाच ठशांनंतर रेष लवते. वळणावर पाती फिरवू नका, रबर फिरवा. लिनो कटर, म्हणजे ठसे कोरायचं छोटं हत्यार, त्याचं व्ही आकाराचं पातं मिळालं तर काम फार सोपं होतं, पण साध्या पेपर कटरनेही जमतं. खोली २ मिलिमीटर पुरे. आधी रेषांच्या कडा, मग मधला भाग. दुसऱ्या हाताची बोटं नेहमी पात्याच्या मागे ठेवा, पुढे नाही.

चित्रं शोधायला फार लांब जायची गरज नाही. चैत्रांगण आठवा. शंख, कासव, हत्ती, तुळस, कोयरी, सूर्य-चंद्र, गोपद्म, ही सगळी चिन्हं दोन-तीन रेषांत पुरी होतात आणि ठशासाठीच घडवल्यासारखी आहेत. वारलीतली टोकाला टोक जोडलेली त्रिकोणी माणसंही रबरात छान कोरली जातात. गेरूच्या रंगावर पांढऱ्या ॲक्रिलिकने मारली की उठून दिसतात. मी स्वतः वारलीतला देवचौक, म्हणजे लग्नातलं पूजेचं चौकोनी चित्र, मात्र कोरत नाही. तो लग्नघरी सवाशिणी विधीपूर्वक काढतात, त्याला चहाच्या डब्यावर आणणं मला बरं वाटत नाही.

एक डबी, पहिल्यापासून

कोमट पाण्यात भांड्याचा साबण घालून डबी घासा, कोरडी करा, तासभर उन्हात ठेवा. मग कापसाला स्पिरिट लावून पुसा. यानंतर बाहेरच्या बाजूला बोट लावायचं नाही. बोटांवरचं तेलच रंग सुटण्याचं मोठं कारण असतं.

३२० नंबरचा पॉलिश पेपर अगदी हलक्या हाताने फिरवा. पत्र्याची चकाकी गेली की थांबा. खाली लोखंड असतं आणि त्यावरचा पातळ मुलामा गंज अडवतो. तो खरवडला तर आपल्या खाऱ्या हवेत महिन्याभरात रंगाखालून तांबूस ठिपके वर येतात.

झाकण जिथे डबीवर बसतं ती कड मास्किंग टेपने झाका. तिथे रंगाचे दोन थर जरी चढले तरी झाकण बसत नाही, आणि जबरदस्तीने बसवलं तर निघत नाही. आतल्या बाजूलाही रंग नको. खाण्याचा पदार्थ ज्याला लागतो ती बाजू कोरी राहू द्या.

आता धातूच्या प्रायमरचा, म्हणजे रंग पत्र्याला धरून राहावा म्हणून आधी द्यायच्या थराचा, एक पातळ हात. हार्डवेअरच्या दुकानात छोटा डबा मिळतो. तो पूर्ण एक दिवस सुकू द्या. दुसऱ्या दिवशी ॲक्रिलिकचा मूळ रंग द्या, दोन किंवा तीन पातळ हात, प्रत्येक हातामध्ये निदान तासभर अंतर. ब्रशच्या रेघा नको असतील तर स्पंजने टिपटिप लावा. एकाच जाड हातात काम उरकायला गेलात तर वरून साय धरते आणि आत ओलं राहतं.

आता एक जास्तीची पायरी. ठसा मारण्याआधी मूळ रंगावर पाण्यात मिसळणाऱ्या पारदर्शक वॉर्निशचा एक पातळ हात द्या आणि तो रात्रभर वाळू द्या. ठसा वाकडा पडला तर ओल्या कापसाने लगेच पुसता येतो आणि खालचा रंग हलत नाही. ही पायरी मी फार उशिरा शिकले. त्याआधी एक वाकडी कोयरी म्हणजे सगळं खरवडून पुन्हा पहिल्यापासून, असंच चालायचं.

ठसा कुठे येणार ते आधी ठरवा. तोच ठसा बटर पेपरवर मारून कापून घ्या आणि झाकणावर फिरवून बघा. मध्यभागी एकच मोठा बरा दिसतो की कडेने छोट्यांची वेल, हे डोळ्यांनीच कळतं. जागा पेन्सिलीने बारीक टिंबाने दाखवा.

झाकण पोकळ असतं, दाबलं की खाली लवतं. म्हणून आत घडी केलेलं फडकं किंवा लाकडाचा तुकडा ठेवून खालून आधार द्या.

रंग जुन्या टाइलच्या तुकड्यावर घ्या आणि स्पंजने पसरा. ताकासारखा पातळ नको आणि चक्क्याइतका घट्टही नको, घट्ट दह्यासारखा असावा. ठसा रंगात बुडवायचा नाही. स्पंजवर रंग घेऊन तो ठशावर तीन-चारदा टिपायचा. मग ठसा तिरपा करून उजेडात धरा. उंच भागावर सारखी ओली चमक दिसली पाहिजे आणि खाचांत रंग साठलेला नको. पहिला ठसा नेहमी वर्तमानपत्रावर. तो बरोबर आला की लगेच पुन्हा रंग टिपा आणि डबीवर या.

ठसा सरळ वरून खाली आणा. टेकल्यावर हलवायचा नाही, पोळपाटासारखा डोलवायचा तर मुळीच नाही. मधोमध दाब देऊन बोटं कडांकडे न्या, मनात तीन आकडे मोजा आणि सरळ वर उचला. एखादी रेष अर्धवट राहिली तर बारीक ब्रशने भरा. थोडा असमान ठसा मला आवडतो, हाताने केलेलं काम हातासारखंच दिसावं. पण एका ठशावर दुसरा बसवून दुरुस्ती करायला जाऊ नका, तो नेमका तिथे कधीच बसत नाही.

ॲक्रिलिक ठशावरही सुकतं. दर पाच-सहा ठशांनंतर ओल्या फडक्यावर टिपा, आणि मध्ये चहा प्यायला उठायचं असेल तर आधी ठसा धुवा.

एक दिवस वाळल्यावर वॉर्निशचे दोन पातळ हात द्या. पिगमेंट किंवा पाण्यात विरघळणाऱ्या शाईने ठसा मारला असेल तर ब्रशने वॉर्निश लावताना ती पसरू शकते. तेव्हा आधी दुरून स्प्रेचा हलका फवारा मारून शाई बसवून घ्या. कुठलीही नवी जोडी, म्हणजे हा रंग आणि हे वॉर्निश, डबीच्या तळाला आधी करून बघा.

गोल वस्तू आणि काच

बरणी, बाटली, कुंडी यांच्यावर सपाट ठसा दाबला तर मधली एक पट्टीच उमटते. इथे उलट करायचं. ठसा टेबलावर तोंड वर करून ठेवा, त्याला रंग लावा आणि बरणी त्यावरून एकदाच, एका दिशेने, सावकाश लोटा. हँडल नसलेला, पातळ रबराचा किंवा पॉलिमरचा ठसा असेल तर तो बोटांत धरून बरणीच्या गोलाईवर गुंडाळताही येतो.

काचेवर ठसा घसरतो. रंग नेहमीपेक्षा कमी घ्या. काच स्पिरिटने पुसलेली हवी. पर्मनंट शाई किंवा काचेसाठीचा रंग वापरा आणि ओठ लागतात त्या कडेपासून निदान २ सेंटिमीटर खाली राहा. अशी बरणी घासणीने घासायची नाही, भिजत तर ठेवायचीच नाही. रोज घासल्या जाणाऱ्या पेल्यावर ठसे मारूच नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. मिठाची बरणी, काड्यांचा ग्लास, पेनं ठेवायचा बुधला, अशा वस्तू निवडा.

माती, लाकूड, कापड

धारावीच्या कुंभारवाड्यात पणत्या आणि छोट्या कुंड्या हव्या तेवढ्या मिळतात. भाजलेली माती फडक्यासारखी पाणी शोषते. कुंडीत पाणी घातलं की ते भिंतीतून बाहेर येतं आणि रंगाचा पापुद्रा आतून ढकलून काढतं, वर पांढरे क्षारही फुलतात. म्हणून झाड लावायच्या कुंडीला आतून वॉटरप्रूफ रंगाचे दोन हात द्या, ते वाळू द्या आणि मगच बाहेरची सजावट करा. तेवढा खटाटोप नको असेल तर झाड प्लास्टिकच्या कुंडीत ठेवा आणि ती मातीच्या कुंडीत बसवा. पणतीला फक्त बाहेरून रंग द्या. काठ, चोच आणि आतला भाग कोराच ठेवा. ॲक्रिलिक आणि वॉर्निश दोन्ही ज्योतीजवळ जळतात.

लाकडी ट्रे, किल्ल्यांची पट्टी किंवा छोटा पाट असेल तर पॉलिश पेपर रेषांच्या दिशेनेच फिरवा. कच्च्या लाकडावर पातळ शाई रेषेरेषेने पसरते आणि कोयरीला मिशा फुटतात, त्यामुळे आधी वॉर्निशचा एक हात द्यावा.

बटवा किंवा पिशवी आधी धुऊन तिची खळ काढा, इस्त्री करा, आत पुठ्ठा घाला आणि फॅब्रिक रंगाने ठसा मारा. कापडाखाली वर्तमानपत्राच्या पाच-सहा घड्या ठेवा. ते सागवानी ठोकळे वापरायची जागा हीच. एक दिवसाने उलट्या बाजूने इस्त्री करा आणि तीन दिवस धुऊ नका.

मुंबईची हवा

डब्यावर 'एका तासात सुकते' असं लिहिलेलं असतं ते जुलैतल्या मुंबईला लागू नाही. पावसाळ्यात इथली आर्द्रता बरेचदा ८० टक्क्यांच्या वर असते. पाण्याचे रंग ओलेच राहतात, पिगमेंट शाई दिवसेंदिवस चिकट लागते, आणि काही स्प्रे वॉर्निश हवेतल्या ओलाव्याने दुधासारखी पांढरट होतात. त्या दिवसांत वॉर्निशचं काम करू नका. मी पावसाळ्यात फक्त ठसे कोरते. खिडकीशी बसून करायला ते छान काम आहे. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की मूळ रंग देते, डिसेंबरात ठसे मारते, आणि संक्रांतीआधी दोन आठवडे वॉर्निश पूर्ण होईल असं बघते. वर हाताला सुकं लागलं तरी आतून पक्कं व्हायला तेवढे दिवस द्यावेच लागतात. घाईने डब्या एकावर एक रचल्या तर त्या एकमेकींना चिकटतात, आणि सोडवताना एकीचा रंग दुसरीवर जातो.

लवकर सुकवायला हेअर ड्रायर चालतो, पण एक वीत दूर धरा आणि हलवत राहा. एकाच जागी धरला तर रंगाला फोड येतात. माझ्या घरात सगळ्यात उपयोगी पडतो तो छताचा पंखा, रात्रभर मंद चालू ठेवलेला.

ठसे जपणं

ॲक्रिलिक लागलेला ठसा लगेच साबणाच्या पाण्याने आणि जुन्या टूथब्रशने धुवा. खाचांत एकदा रंग वाळला की तो काढताना बारीक रेषाच तुटतात. पर्मनंट शाई रबरी ठशावरून स्पिरिटने निघते. पॉलिमरच्या ठशावर मात्र स्पिरिट घालण्याआधी एका कोपऱ्यावर घालून बघा. टर्पेंटाइन, रॉकेल किंवा खोबरेल तेल रबराजवळही आणू नका, त्यांनी रबर फुगतं आणि नक्षी बिघडते. धुतलेले ठसे सावलीत वाळवा. उन्हाने रबराला चिरा पडतात.

खोडरबरात कोरलेले ठसे प्लास्टिकच्या डब्यात किंवा रंगवलेल्या वस्तूंना टेकवून ठेवू नका. त्या रबरातला मऊपणा आणणारा पदार्थ हळूहळू बाहेर येतो आणि प्लास्टिकला, रंगाला चिकटवून टाकतो. प्रत्येक ठसा बटर पेपरमध्ये गुंडाळा, वर त्याचीच छाप मारून ठेवा म्हणजे उघडून बघावं लागत नाही. माझे सगळे ठसे बिस्किटांच्या एका जुन्या पत्र्याच्या डब्यात आहेत. त्याच्या झाकणावर ती पहिली कोयरी आहे, या वेळी प्रायमर, रंग आणि वॉर्निशसकट.